मेमरी कार्ड : एका इवल्या स्मरणपेटीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कार्यालयात भेटीस आले. घरातील वृद्ध आजी महिन्यापूर्वी देवाघरी गेल्या होत्या आणि त्यांच्या मासिक स्मरण मिस्सेची वेळ ठरवायची होती. ते काम झाल्यावर थोरल्या मुलाने खिशातून कागदाची एक पुडी काढली व टेबलावर उलगडली. आत टपाल तिकिटाहून लहान अशी काळी, पातळ वडी होती.

"फादर, आईचे लाल लुगड्यातले, अंगावर सगळे दागिने घातलेले फोटो एवढ्या एकाच कार्डात आहेत. २००६ च्या सणाला काढले होते. कॅमेरा केव्हाच मोडला. हे कार्ड आता कुठल्याच मशीनमध्ये बसत नाही. तुम्हांला ह्यातले काही कळते का?"

कार्ड कोणत्या जातीचे आहे एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो. ते उघडण्याचे साधन आमच्याजवळ नव्हते. परंतु त्या माऊलीची छबी ह्या इवल्या वडीत अडकून पडली आहे, ही गोष्ट मनातून जाईना. चौकशी करता करता ह्या वस्तूचा इतिहास वाचण्यात आला. ही वस्तू कोणी व कशासाठी घडविली? तिचे इतके प्रकार का झाले? आणि तिच्यावर आपण कितपत विसंबावे? हे तीन प्रश्न प्रत्येक घराचे आहेत, कारण आज प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारापासून अंत्यविधीपर्यंतच्या आपल्या साऱ्या आठवणी अशाच कार्डांत किंवा त्यांच्याच जातीच्या स्मृतीत साठविल्या जातात. म्हणून जे गवसले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वीज गेली तरी न विसरणारे यंत्र

यंत्राला काही लक्षात ठेवायला लावण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ ह्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून माणसांची माहिती नोंदविली व ती यंत्राने मोजली. पुढे चुंबकीय फीत आली, मग फिरणाऱ्या चुंबकीय तबकड्या आल्या. आम्ही १९९० च्या दशकात सेमिनरीत शिकत होतो तेव्हा आमचे निबंध फ्लॉपीवर साठविले जात. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे आणि ती ओल्या हवेने खराब झाली की रात्रीचा अभ्यास सकाळी नाहीसा होई.

फीत काय किंवा तबकडी काय, त्यांना फिरविण्यासाठी मोटर लागे, आणि हलणारा भाग झिजतो. संगणकाच्या आत सिलिकॉनच्या चकत्यांवरची स्मृती होती, तिच्यात काहीच हलत नसे व ती अतिशय चपळ होती. पण वीज बंद झाली की ती सारे विसरून जाई. काहीही न हलविता लक्षात ठेवील आणि वीज नसतानाही विसरणार नाही, अशी स्मृती कोणालाच साधली नव्हती.

तिची किल्ली १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडली. मूळचे कोरियाचे दावोन कांग आणि चीनमध्ये जन्मलेले सायमन झी हे दोघे तेथे काम करीत होते. एकदा दुपारच्या जेवणानंतर थरांचा केक खाताना, ट्रान्झिस्टरमध्येही असाच एक थर मध्येच घातला तर काय होईल असा विचार त्यांच्या मनात आला, अशी आठवण पुढे सांगितली जाते. त्यांनी ट्रान्झिस्टरच्या आत धातूचा एक थर बसविला आणि त्याच्या चारी बाजूंनी वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाचे कुंपण घातले. ह्या थराला कोणतीही तार जोडलेली नसते. तो जणू अधांतरी असतो, म्हणून त्याला फ्लोटिंग गेट म्हणजे तरंगते द्वार असे नाव पडले.

ह्या रचनेचे मर्म आपण समजून घेऊ, कारण पुढील सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. पुरेसा विद्युतदाब दिला की काही इलेक्ट्रॉन कुंपण भेदून त्या थरात शिरतात. दाब काढून घेतला की ते तेथेच कोंडले जातात. आत इलेक्ट्रॉन असले तर ट्रान्झिस्टर एका प्रकारे वागतो, नसले तर दुसऱ्या प्रकारे. एकास शून्य म्हणावे, दुसऱ्यास एक. संगणकाची सारी लिपी ह्या दोन अक्षरांची असल्याने, असे कोट्यवधी कप्पे शेजारी शेजारी मांडले की त्यांत गाणे, पत्र किंवा छायाचित्र काहीही मावते. वीज नसली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, निदान लवकर हलत नाहीत. ह्या "निदान लवकर" शब्दांकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

एका वाचलेल्या बालकाची देणगी

ही कल्पना बाजारात उपयोगी पडेल अशा वस्तूत उतरविण्याचे श्रेय डोव्ह फ्रोहमन ह्यांना जाते. त्यांचा जन्म १९३९ साली ॲमस्टरडॅम येथे ज्यू कुटुंबात झाला. हॉलंड नाझींच्या ताब्यात गेल्यावर आईवडिलांनी ह्या लेकराला खेड्यातील एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाच्या स्वाधीन केले. त्या कुटुंबाने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. आईवडील मात्र परत आले नाहीत. पुढे हा मुलगा इस्राएलला गेला, शिकला आणि अमेरिकेत इंटेल कंपनीत अभियंता झाला.

तेथे काही सदोष चकत्यांची तपासणी करताना, त्यांच्या आतील काही भाग कशालाच जोडलेले नाहीत आणि म्हणून तेथे विद्युतभार साचून राहतो, असे त्यांच्या ध्यानात आले. इतरांनी हा दोष मानला, फ्रोहमन ह्यांना त्यात स्मृती दिसली. १९७१ साली त्यांनी इप्रॉम ही चकती जगापुढे ठेवली. तिच्यात २,०४८ शून्य-एक मावत, म्हणजे जेमतेम २५६ अक्षरे. लिहिलेले पुसायचे झाल्यास चकतीच्या माथ्यावरील स्फटिकाच्या खिडकीतून काही मिनिटे अतिनील किरण सोडावे लागत. आज हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण वीज गेली तरी न विसरणारी आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी चकती प्रथमच हाती आली होती. हॉलंडमधील त्या अनाम खेडुतांनी एक मूल वाचविले, त्याचे फळ असे जगभर पोहोचले, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

किरणांऐवजी विजेनेच पुसता येणाऱ्या चकत्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाल्या. पण त्यांच्यात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पुसण्याची सोय असल्याने एकेका कप्प्यास दोन दोन ट्रान्झिस्टर लागत. चकती मोठी होई व किंमत भरमसाट वाढे.

मासुओका ह्यांची युक्ती आणि त्यांचे गाऱ्हाणे

ही कोंडी जपानमध्ये फुटली. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका ह्यांनी विचार केला, की प्रत्येक अक्षर वेगळे पुसण्याचा हट्ट कशासाठी? पाटीवरचे एकेक अक्षर बोटाने पुसण्याऐवजी ओल्या फडक्याने सबंध पाटीच पुसली तर? एकेका अक्षराऐवजी मोठा गट एकदम पुसावयाचा असे ठरविले, की कप्प्यास एकच ट्रान्झिस्टर पुरतो, आणि चकती लहान व स्वस्त होते. १९८० साली त्यांनी ह्यासंबंधीच्या पेटंटसाठी अर्ज केला. क्षणात सारे पुसले जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी ह्यांना कॅमेऱ्याच्या दिव्याची आठवण झाली व त्यांनी नाव सुचविले, फ्लॅश. तेच रूढ झाले.

१९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत मासुओका ह्यांनी हा शोध मांडला. अमेरिकेतील इंटेल कंपनीने त्याचे महत्त्व ओळखले व १९८८ पासून नॉर जातीच्या फ्लॅश चकत्या बाजारात आणल्या. दरम्यान १९८७ साली मासुओका ह्यांच्या गटाने दुसरी रचना पुढे आणली, तिचे नाव नँड. नॉरमध्ये प्रत्येक कप्प्यापर्यंत स्वतंत्र वाट असते, म्हणून वाचन जलद होते, पण जागा फार लागते. नँडमध्ये कप्पे एकामागून एक माळेसारखे ओवलेले असतात, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ साठा होतो. छायाचित्रे व गाणी साठविण्यासाठी नँडच सोयीची ठरली, आणि आपल्या खिशातील कार्डे ह्याच रचनेची आहेत.

ह्या शोधाच्या मोबदल्याबद्दल मासुओका समाधानी नव्हते. १९९४ साली ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध एक अब्ज येनचा दावा लावला. २००६ साली तो ८ कोटी ७० लाख येनवर आपसात मिटला. नंतर तोशिबाने हा विभाग वेगळा काढून विकला व २०१९ साली त्याचे नाव किओक्सिया असे ठेवण्यात आले. जपानी भाषेत किओकु म्हणजे स्मृती आणि ग्रीक भाषेत आक्सिया म्हणजे मोल. सेमिनरीत थोडीबहुत ग्रीक शिकलेल्या आम्हांस ते नाव वाचून स्मित आल्यावाचून राहिले नाही. स्मृतीचे मोल किती, हाच तर मासुओका ह्यांचा आपल्या मालकांशी तंटा होता.

चकतीचे कार्ड कसे झाले

चकती तयार झाली, पण ती यंत्राच्या पोटात डाख देऊन बसविलेली असे. ती सुटी करून खिशात घालता यावी, ही गरज विशेषतः कॅमेऱ्याने निर्माण केली.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन ह्यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्याचे चित्र गाण्याच्या कॅसेटवर नोंदविले जाई व एका चित्रास २३ सेकंद लागत. १९८८ साली जपानच्या फुजी कंपनीने डीएस-१पी हा कॅमेरा दाखविला. त्यात प्रथमच चित्रे सुट्या अर्धवाहक कार्डावर साठविली जात. कार्डाची क्षमता २ मेगाबाइट होती व त्यात पाच ते दहा चित्रे मावत. पण ते फ्लॅश जातीचे नव्हते. त्यातील स्मृती जिवंत ठेवण्यासाठी आत बॅटरी लागे, आणि बॅटरी संपली की चित्रेही संपली.

त्याच सुमारास लहान संगणकांसाठी बँकेच्या कार्डाएवढी, ८५.६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद अशी कार्डे निघाली. त्यांचे माप व जोडणी सर्वत्र एकसारखी असावी म्हणून १९८९ साली अमेरिकेत पीसीएमसीआयए ही संघटना स्थापन झाली व पुढील वर्षी तिने पहिले प्रमाण जाहीर केले. जपानमधील उद्योगसंस्थेचे कार्य तिच्याही आधीपासून चालू होते. कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणत्याही यंत्रात बसावे, हा विचार येथे मूळ धरू लागला.

१९८८ साली अमेरिकेत तिघांनी मिळून सनडिस्क नावाची कंपनी काढली. एली हरारी हे इस्राएलचे, जॅक युआन हे चिनी वंशाचे, आणि तिसरे आपले संजय मेहरोत्रा, जन्म कानपूरचा. पिलानी येथे शिक्षण चालू असताना त्यांनी अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात जाण्याचे ठरविले, पण वकिलातीने त्यांचा व्हिसा एकाहून अधिक वेळा नाकारला. अखेर त्यांच्या वडिलांनी अधिकाऱ्याची भेट घेऊन समजूत घातली व मुलाची वाट मोकळी केली, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. १९९५ साली ह्या कंपनीने सॅनडिस्क असे नाव घेतले. २०१६ साली ती वेस्टर्न डिजिटल कंपनीने विकत घेतली, आणि २०२५ साली ती पुन्हा स्वतंत्र झाली. मेहरोत्रा २०१७ साली मायक्रॉन ह्या स्मृती बनविणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले.

१९९४ साली सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणले. त्याची लांबी ४३ व रुंदी ३६ मिलिमीटर. त्याचे वैशिष्ट्य हे की स्मृतीबरोबर तिचा कारभार पाहणारी नियंत्रक चकतीही कार्डाच्या आतच होती. कोणता कप्पा झिजला, कोठे लिहावे, कोठे लिहू नये, हे सारे कार्ड स्वतः पाही. कॅमेऱ्याला ही उठाठेव करावी लागत नसे. ह्यामुळे साठा वाढत गेला तरी जुनी यंत्रे बहुधा अडली नाहीत, आणि व्यावसायिक छायाचित्रकारांनी हे कार्ड पुढे वर्षानुवर्षे वापरले.

प्रत्येकाची वेगळी चूल

१९९५ साली तोशिबाने स्मार्टमीडिया कार्ड आणले. ते केवळ ०.७६ मिलिमीटर जाड होते, कारण त्यात नियंत्रक चकती नव्हती. कार्ड स्वस्त व पातळ झाले, पण सारा कारभार कॅमेऱ्यावर पडला. अधिक क्षमतेचे नवे कार्ड आले की जुन्या कॅमेऱ्यास ते ओळखता येत नसे. १२८ मेगाबाइटवर त्याची वाढ खुंटली.

१९९७ साली सॅनडिस्क व जर्मनीची सीमेन्स ह्यांनी मल्टिमीडिया कार्ड काढले. १९९८ साली सोनीने च्युइंग गमच्या पट्टीसारखी दिसणारी मेमरी स्टिक आणली. १९९९ साली आयबीएमने तर काडेपेटीहून लहान आकारात फिरणारी चुंबकीय तबकडीच बसवून दाखविली. त्याच वर्षी मात्सुशिता, तोशिबा व सॅनडिस्क ह्या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन एसडी कार्ड जाहीर केले आणि २००० सालच्या आरंभी त्याचा कारभार पाहण्यासाठी संघटना स्थापिली. तीत इतर कंपन्यांनाही प्रवेश होता. २००२ साली ऑलिम्पस व फुजी ह्यांनी स्मार्टमीडियाच्या जागी स्वतःचे एक्सडी कार्ड आणले, २५ मिलिमीटर लांब व २० मिलिमीटर रुंद.

आमच्या टेबलावरील ती काळी वडी ह्याच जातीची होती.

एवढ्या जाती का झाल्या, ह्याचे उत्तर यंत्रविद्येपेक्षा व्यापारात अधिक आहे. कॅमेरा एकदाच विकला जातो, कार्डे पुन्हा पुन्हा विकली जातात. गिऱ्हाइकाने कॅमेरा आपला घेतला की कार्डही आपलेच घ्यावे, असा हिशेब प्रत्येकाने मांडला. एका गावात प्रत्येक घराने विहिरीला वेगळ्या मापाचा पोहरा ठरवावा, तसा हा प्रकार झाला. भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला पडला.

अखेरीस टिकले ते अनेकांनी मिळून चालविलेले एसडी. त्याच्या कडेला एक छोटी कळ असते, ती सरकविली की यंत्रास लिहिण्या-पुसण्यास मज्जाव करते. माप ३२ बाय २४ मिलिमीटर, जाडी २.१ मिलिमीटर. मोबाइल फोन आले तेव्हा तेही मोठे वाटू लागले. २००३ साली मिनीएसडी निघाले. २००४ साली सॅनडिस्कने त्याहून लहान कार्ड आणले, त्यालाच २००५ साली मायक्रोएसडी हे नाव मिळाले. त्याचे माप १५ बाय ११ मिलिमीटर व जाडी एक मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. जुन्या पीसीएमसीआयए कार्डाच्या पृष्ठभागावर अशी सुमारे अठ्ठावीस कार्डे मांडता येतील. २०१० साली सोनीनेही एसडी कार्डांचा स्वीकार केला. त्याच सुमारास एक्सडी कार्डाचा अस्त झाला.

साठ्याची वाढ तर थक्क करणारी आहे. आरंभीचे एसडी कार्ड ८ मेगाबाइटचे होते. २०१९ साली एक टेराबाइटचे मायक्रोएसडी कार्ड बाजारात आले, म्हणजे सव्वा लाख पट. आमच्या सेमिनरीच्या काळातील फ्लॉपींच्या हिशेबाने ह्या नखाएवढ्या तुकड्यात सुमारे सात लाख फ्लॉपी मावतात. हे दोन मार्गांनी साधले. पहिला मार्ग असा, की एका कप्प्यात "आहे" व "नाही" एवढेच न नोंदविता विद्युतभाराच्या चार, पुढे आठ पायऱ्या ठरवून दोन-तीन शून्य-एक साठवावयाचे. दुसरा मार्ग मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. जागा संपली की मजले चढवावयाचे. २०१३ साली सॅमसंगने एकावर एक २४ थरांची स्मृती विक्रीसाठी बनविली, आणि पुढे थरांची संख्या शेकड्यांत गेली.

मंगळावरील विसरभोळा गाडीवान

ही स्मृती पृथ्वीपुरती राहिलेली नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेची स्पिरिट ही गाडी मंगळावर उतरली. तिच्यात २५६ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. २१ जानेवारीस तिच्याशी असलेला संपर्क बिघडला. गाडीचा संगणक बंद पडे, पुन्हा चालू होई, पुन्हा बंद पडे. असे साठाहून अधिक वेळा झाले. शास्त्रज्ञांनी कारण शोधले ते घरगुती निघाले. प्रवासात व उतरल्यावर जमा झालेल्या असंख्य फायली स्मृतीत तशाच पडून होत्या आणि त्यांची यादी सांभाळता सांभाळताच संगणक दमून जात होता. फ्लॅश स्मृतीकडे न पाहता जागे व्हावे, अशी आज्ञा पृथ्वीवरून धाडण्यात आली. मग जुन्या फायली काढल्या व स्मृती पुसून नव्याने मांडली. नव्वद दिवसांच्या कामगिरीवर गेलेली ती गाडी २०१० पर्यंत संदेश पाठवीत राहिली. काय ठेवावे व काय टाकावे हे ज्याला कळत नाही, त्याची स्मृती त्यालाच ओझे होते, हा धडा आपल्या भरलेल्या फोनांसही लागू आहे.

कार्ड किती काळ लक्षात ठेवते?

आता त्या "निदान लवकर" शब्दांकडे वळू. इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारे कुंपण मानवी केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ असते. प्रत्येक वेळी पुसताना व लिहिताना इलेक्ट्रॉन ते भेदून जातात आणि त्यास किंचित इजा होते. म्हणून कप्पा ठरावीक वेळाच पुसता येतो. एका कप्प्यात एकच नोंद ठेवणारी जुनी चकती सुमारे एक लाख वेळा टिके. एकाच कप्प्यात तीन नोंदी ठेवणाऱ्या आजच्या चकतीचा पल्ला काही हजारांच्या आसपास येतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कार्ड न वापरता कपाटात ठेवले तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरून जातात. उष्णता जितकी अधिक, तितका पाझर अधिक. ह्या व्यवसायात सर्वसाधारणपणे दहा वर्षे हा आकडा सांगितला जातो. कार्ड फार झिजलेले असेल तर त्याआधीही, आणि थंड कोरड्या जागी असेल तर त्यानंतरही ते वाचता येते. पण ते चिरंतन नाही, हे निश्चित. आणि इलेक्ट्रॉन जागच्या जागी राहिले तरी कार्ड वाचणारे यंत्रच बाजारातून नाहीसे झाले, तर काय करावे?

आमच्या धर्मग्रामाच्या कपाटात स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. त्या माऊलीची नोंद आम्ही त्या दिवशी काढून पाहिली. वर्ष १९३१. शाई तपकिरी झाली आहे, पानाची कड वाळवीने थोडी खाल्ली आहे, पण नाव, आईबापांचे नाव व साक्षीदारांचे नाव आजही डोळ्यांनी वाचता येते. ते वाचावयास कोणतेही यंत्र लागले नाही. ह्याचे कारण कागद थोर आहे असे मुळीच नाही. आगीत व पुरात किती वह्या गेल्या ह्याची गणती नाही. ही वही टिकली, कारण आमच्या पूर्वी येथे सेवा केलेल्या धर्मगुरूंनी एकामागून एक ती सांभाळली, उन्हात घातली, बांधली, आणि फाटलेली पाने नव्याने उतरवून काढली. कार्डाच्या बाबतीत ही काळजी घ्यावयाची असते, हेच आपल्या घरांतून अद्याप ठाऊक नाही.

म्हणून कुटुंबांस आमच्या काही सूचना आहेत. मोलाची छायाचित्रे एकाच कार्डात ठेवू नयेत. त्यांच्या निदान दोन प्रती कराव्यात व त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. दर चार-पाच वर्षांनी ती नव्या साधनावर उतरवून घ्यावीत, म्हणजे साधनाची जात नष्ट झाली तरी चित्रे पुढे जातील. यंत्र कार्डावर लिहीत असताना ते ओढून काढू नये. चुकून काही पुसले गेले, तर त्याच क्षणी ते कार्ड वापरणे थांबवावे. पुसणे म्हणजे बहुधा यादीतून नाव खोडणे असते. प्रत्यक्ष चित्र त्यावर दुसरे लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा तेथेच असते व जाणकारास ते परत काढता येते. फार स्वस्त मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या कार्डांपासून सावध असावे. अशी काही कार्डे खोटी क्षमता दाखवितात आणि भरत आली की आधीची चित्रे गिळून टाकतात. आणि शंभरांतील पाच-दहा चित्रे तरी कागदावर छापून, त्यांच्या मागे नाव व वर्ष लिहून ठेवावे. नाव नसलेल्या चेहऱ्यास तिसरी पिढी ओळखत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दोन आठवड्यांच्या शोधानंतर शेजारच्या शहरातील एका जुन्या फोटो स्टुडिओच्या खणात एक्सडी कार्ड वाचणारे साधन सापडले. स्टुडिओच्या वृद्ध मालकांनी ते पुसून संगणकास जोडले. कार्डात ६४ चित्रे होती. त्यांतील २३ उघडली नाहीत. ४१ उघडली. कार्ड जुन्या घडणीचे, त्याचे कप्पे आजच्या मानाने मोठे व इलेक्ट्रॉन अधिक धरणारे, शिवाय ते फारसे वापरलेही नव्हते, म्हणून एवढे तरी हाती लागले.

आजींची तीन चित्रे त्या ४१ मध्ये होती. एकाच्या खालच्या भागात राखाडी पट्टा आला आहे व लुगड्याचा काठ त्यात गेला आहे. उरलेली दोन स्वच्छ आहेत. त्यांतील एक मोठे करून स्मरण मिस्सेच्या दिवशी वेदीसमोर ठेवले होते. मिस्सा आटोपल्यावर थोरल्या मुलाने एक लिफाफा आमच्या हाती दिला. त्यात त्या छायाचित्राची एक प्रत होती व मागे शाईने आईचे नाव, स्नानसंस्काराचे वर्ष आणि मृत्यूचा दिवस लिहिलेला होता. "फादर, ही तुमच्या कपाटात राहू द्या," एवढेच तो म्हणाला. आम्ही ती १९३१ च्या वहीशेजारी ठेवली आहे.